मोबाइल उद्योगात ग्रामीण अभियंत्यांची जागा कोणती? लोणेऱ्याच्या विद्यार्थ्यांना सविस्तर उत्तर

लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला भेट दिली, तेव्हा अणुविद्युत (इलेक्ट्रॉनिक्स) व दूरसंचार शाखेच्या तिसऱ्या वर्षातील काही विद्यार्थ्यांनी एक प्रश्न विचारला आणि नंतर तो लेखीही पाठवला. प्रश्नाचा आशय असा: मोबाइलचे मोठे कारखाने श्रीपेरुंबुदूर, होसूर, नोएडा आणि बंगळूरच्या आसपास आहेत, आमचे विद्यापीठ रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात एका गावी आहे, आमच्यापैकी अनेकांचे शालेय शिक्षण मराठीत झाले आहे, अशा स्थितीत या उद्योगात आम्हाला खरोखर जागा आहे का, आणि असेल तर पदवी हाती पडेपर्यंतच्या काळात नेमके काय शिकावे? त्या दिवशी वेळ अपुरा पडला, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

जागा आहे, आणि पुढील काही वर्षांत ती वाढत जाईल असे माझे मत आहे. मात्र ती मोठ्या ब्रँडच्या संशोधन केंद्रात किंवा चिपच्या आराखड्याच्या कामात सुरुवातीलाच मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. ती उत्पादनप्रक्रिया, साहित्य, चाचणी आणि बिघाडाचे विश्लेषण या कामांत आहे. या कामांची जाहिरात फारशी होत नाही, पण कारखाना चालतो तो याच माणसांवर, आणि त्यांचा तुटवडा मी या उद्योगातल्या माझ्या सगळ्या नोकरीत पाहत आलो आहे. असे का, हे समजण्यासाठी आपल्या देशातला हा उद्योग कोणत्या टप्प्यावर आहे ते आधी पाहावे लागेल.

भारतातले पहिले मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीतील केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर बोलणे केले. त्यानंतर बराच काळ आपण हँडसेट आयातच करत होतो. नोकियाचा श्रीपेरुंबुदूरचा कारखाना जानेवारी २००६मध्ये सुरू झाला, आणि चेन्नईच्या परिसरात पुरवठादार, प्रशिक्षित कामगार, बस, कँटीन, हवाई मालवाहतूक अशी सगळी साखळी उभी राहिली. नोकियाने आपला मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टला विकला, तेव्हा करविषयक वादामुळे तो कारखाना त्या विक्रीतून बाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला. हजारो घरांवर त्याचा आघात झाला. पण तिथे तयार झालेले हात आणि डोळे त्या परिसरातच राहिले. पुढे चार्जर बनवणाऱ्या साल्कॉम्प या कंपनीने तीच जागा घेतली आणि आज आयफोनच्या जुळणीचे मोठे काम त्याच पट्ट्यात चालते. कारखाना बंद पडला तरी कौशल्य शिल्लक राहिले, तर उद्योग पुन्हा त्याच ठिकाणी उभा राहतो. मला हा धडा फार महत्त्वाचा वाटतो.

२०१७मध्ये सरकारने टप्प्याटप्प्याने स्वदेशी उत्पादन वाढवण्याचा कार्यक्रम अधिसूचित केला. आधी चार्जर, बॅटरी आणि हेडफोन, मग साच्यातून काढलेले भाग, मायक्रोफोन आणि केबल, मग भाग बसवलेला सर्किट बोर्ड, कॅमेरा मॉड्यूल आणि कनेक्टर, शेवटी डिस्प्लेची जुळणी, अशा क्रमाने आयात भागांवरील सीमाशुल्क वाढवत न्यायचे, हे त्याचे सूत्र होते. जुलै २०१८मध्ये सॅमसंगच्या नोएडातील विस्तारित कारखान्याचे उद्घाटन झाले. १ एप्रिल २०२० रोजी उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना अधिसूचित झाली आणि वाढीव विक्रीवर ४ ते ६ टक्के प्रोत्साहन मिळू लागले. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५मध्ये देशात तयार झालेल्या मोबाइलचे मूल्य सुमारे १८,९०० कोटी रुपये होते. २०२३-२४मध्ये ते ४ लाख कोटी रुपयांच्या पुढे गेले.

हे आकडे मोठे आहेत आणि खरेही आहेत. परंतु फोनच्या किमतीतला फार मोठा भाग अजूनही प्रोसेसर, मेमरी, डिस्प्ले, कॅमेऱ्याचे सेन्सर यांसारख्या आयात भागांचा असतो, आणि देशात होणारी मूल्यवृद्धी उद्योगात सर्वसाधारणपणे पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी धरली जाते. जुळणीचा टप्पा आपण गाठला आहे, आता सुट्या भागांचा टप्पा सुरू होत आहे. २०२५च्या मार्चमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांच्या उत्पादनासाठी २२,९१९ कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती याच कारणासाठी. जुळणीला शिस्तबद्ध हात लागतात. सुटे भाग बनवायला त्यांच्या जोडीला धातू, प्लास्टिक, रसायन, उष्णता आणि मोजमाप कळणारे अभियंते लागतात. तुमची पदवी पूर्ण होण्याचा काळ आणि या मागणीचा काळ एकच आहे.

महाराष्ट्राचे काय, हेही तुमच्यापैकी काहींनी विचारले होते. ऑगस्ट २०१५मध्ये इतर ब्रँडसाठी फोन जुळवून देणाऱ्या फॉक्सकॉन या कंपनीने महाराष्ट्र सरकारशी ५ अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीचा सामंजस्य करार केला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही आणि जानेवारी २०२०मध्ये तत्कालीन उद्योगमंत्र्यांनीच तो बारगळल्याचे सांगितले. ऑक्टोबर २०२२मध्ये रांजणगाव येथे इलेक्ट्रॉनिक उत्पादनाच्या समूहक्षेत्राला केंद्राची मंजुरी मिळाली, पण मोबाइलच्या बाबतीत तामिळनाडू आपल्या बरेच पुढे आहे. याचे कारण केवळ सवलतींत शोधू नये. तामिळनाडूने कामगारांच्या, विशेषतः तरुण स्त्री-कामगारांच्या, निवासाचा प्रश्न उद्योगाचाच प्रश्न मानला. श्रीपेरुंबुदूरजवळ वल्लम वडगल येथे २०२४मध्ये १८,७२० महिलांसाठी उभारलेले निवाससंकुल हे त्याचे उदाहरण आहे. घरापासून दूर येऊन रात्रपाळी करणाऱ्या मुलीला सुरक्षित खोली, वेळेवर बस आणि चांगले जेवण मिळाले तरच ती टिकते, आणि ती टिकली तरच लाइनवरचे कौशल्य टिकते. महाराष्ट्राने यातून शिकावे, असे मला कळकळीने वाटते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. फोनचा मुख्य बोर्ड तयार होतो त्या एसएमटी लाइनवर (भाग बोर्डाच्या पृष्ठभागावर बसवण्याची लाइन) कोऱ्या पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किट बोर्डावर, छिद्रे असलेल्या पातळ पोलादी पत्र्यातून (स्टेन्सिलमधून) सोल्डर पेस्ट, म्हणजे जोड देणाऱ्या मिश्रधातूचा लगदा, छापली जाते, पिक अँड प्लेस मशीन त्यावर शेकडो भाग ठेवते, मग बोर्ड रिफ्लो ओव्हनमधून जातो आणि पेस्ट वितळून जोड पक्के होतात. त्यांतल्या अगदी लहान भागांची लांबी-रुंदी ०.४ आणि ०.२ मिलिमीटर इतकी असते. मोहरीच्या दाण्यापेक्षाही ते पुष्कळ लहान. शिसेविरहित पेस्टमध्ये प्रचलित असलेल्या मिश्रधातूत ९६.५ टक्के कथिल, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्के तांबे असते. ती २१७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते आणि ओव्हनमध्ये बोर्डाचे कमाल तापमान साधारण २४० ते २४५ अंशांपर्यंत नेतात. त्याहून कमी गेले तर जोड कच्चे राहतात, जास्त गेले तर भाग आणि बोर्ड दोन्ही दुखावतात.

पाठ्यपुस्तकात हे सगळे एका पानात येते. कारखान्यात याच पानावर माणसांची आयुष्ये जातात, आणि त्यामागे एक साधे गणित आहे. समजा, बोर्ड वीस टप्प्यांतून जातो आणि प्रत्येक टप्प्यावर १००पैकी ९९ बोर्ड निर्दोष निघतात. परीक्षेत ९९ टक्के गुण म्हणजे उत्तम. पण वीस टप्प्यांचा गुणाकार केला तर शेवटी पहिल्याच फेरीत निर्दोष ठरणारे बोर्ड फक्त ८२ टक्क्यांच्या आसपास उरतात. प्रत्येक टप्पा ९९.९ टक्क्यांवर नेला तर हाच आकडा ९८ टक्के होतो. या दोन आकड्यांमधील अंतरावर कारखान्याचा नफा-तोटा ठरतो. ते अंतर कमी करणारा अभियंता म्हणजेच प्रक्रिया अभियंता. स्टेन्सिलचे एक छिद्र बुजत आहे का, पेस्ट थंड कपाटातून काढल्यावर पुरेशा वेळाने उघडली का, ओव्हनच्या कोणत्या झोनमध्ये तापमान हेलकावते, सकाळच्या पाळीत नसलेला दोष रात्रीच्याच पाळीत का येतो, असे प्रश्न तो दिवसभर विचारत असतो. बहुतांश दोषांचे मूळ पेस्टच्या छपाईत सापडते, हा या क्षेत्रातला सर्वमान्य अनुभव आहे; तरीही नवा अभियंता आधी महागड्या मशीनकडे धावतो.

येथे कोकणाचा संबंध थेट येतो. चिपच्या प्लास्टिक आवरणात हवेतील ओलावा मुरतो. असा भाग ओव्हनमध्ये गेला की आतील पाण्याची वाफ होते आणि आवरण आतून फाटते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीही दिसत नाही. म्हणून प्रत्येक भागाला ओलाव्याची संवेदनशीलता सांगणारी श्रेणी असते. तिसऱ्या श्रेणीचा भाग हवाबंद पाकिटातून बाहेर काढल्यावर १६८ तासांत वापरावा लागतो, आणि ही मुदत ३० अंश सेल्सिअस व ६० टक्के सापेक्ष आर्द्रता यांच्या आत राहिले तरच लागू होते. जुलैमध्ये माणगाव-महाडच्या हवेत आर्द्रता किती असते हे तुम्हाला मी सांगायला नको. चेन्नईलाही समुद्राची दमट हवा आहेच. ओलावा, मीठ आणि बुरशी यांचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंवर होणारा परिणाम अभ्यासण्यासाठी तुम्ही जिथे राहता त्याहून योग्य जागा देशात थोड्याच असतील. कंपन्या मिठाच्या धुक्याची चाचणी करतात तेव्हा ५ टक्के मिठाचे द्रावण ३५ अंशांवर फवारतात. श्रीवर्धन किंवा हरिहरेश्वरच्या किनारी वापरलेल्या फोनचे चार्जिंग पोर्ट तेच काम वर्षभर संथपणे सोसत असते. त्या पोर्टवरची हिरवी पुटे पाहून किती महिन्यांत काय झाले, कोणत्या प्रकारचा मुलामा टिकला आणि कोणता गेला, हे नोंदवणारे विद्यार्थी मला हवे आहेत.

यातूनच तुमच्यासाठी माझी सर्वांत आग्रहाची सूचना निघते: बंद पडलेल्या फोनची प्रयोगशाळा उभारा. माणगाव, गोरेगाव आणि महाडच्या बाजारपेठेत दुरुस्तीची दुकाने आहेत. दुरुस्त न होणारे फोन त्यांच्याकडे खोक्यांनी पडून असतात. दुकानदारांना विश्वासात घ्या, फोनच्या मालकाची खासगी माहिती कोणत्याही परिस्थितीत उघडायची नाही असा लेखी नियम करा, आणि प्रत्येक फोनची नोंद एका तक्त्यात ठेवा: वापराचा काळ, गाव, तक्रार, बाहेरून दिसणारी खूण, उघडल्यावर सापडलेले कारण. दोनशे-तीनशे फोन झाले की चित्र दिसू लागेल. बहुधा मोजकी चार-पाच कारणेच बहुतेक बिघाडांच्या मुळाशी निघतील. विभागाला फार खर्च नाही. चांगला स्टिरिओ मायक्रोस्कोप, तापमान-नियंत्रित सोल्डरिंग स्टेशन, हॉट एअर गन, मिलिओहमपर्यंत मोजणारा मीटर आणि स्थिर विद्युतपासून संरक्षण देणारी चटई व मनगटपट्टा एवढ्यावर सुरुवात होते. मनगटपट्ट्याबद्दल एक शब्द जास्त लिहितो, कारण तो सर्वत्र दुर्लक्षित राहतो. बोटातून बसणारा स्थिर विद्युतचा झटका आपल्याला साधारण ३,००० व्होल्टच्या पुढे जाणवतो. नाजूक चिप १०० व्होल्ट किंवा त्याहूनही कमी दाबाने निकामी होऊ शकते. म्हणजे तुम्हाला काहीच जाणवले नाही तरी चिप गेलेली असू शकते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र पूर्ण सावधगिरी हवी. फुगलेल्या लिथियम बॅटरीत विद्युत-अपघट्याच्या (इलेक्ट्रोलाइटच्या) विघटनातून तयार झालेला वायू असतो. ती टोचू नये, वाकवू नये, चार्ज करून पाहू नये. वेगळी काढून कोरड्या वाळूच्या भांड्यात ठेवावी आणि प्राध्यापकांच्या देखरेखीशिवाय तिला हात लावू नये. अभ्यास संपलेले फोन भंगारवाल्याला विकू नयेत. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच गेले पाहिजेत, आणि ती पावती फाइलला लावण्याची सवय विद्यार्थीदशेतच लागावी.

पुरात भिजलेल्या फोनचा अभ्यास तुमच्याइतका जवळून दुसऱ्या कोणाला करता येणार नाही. २०२१च्या जुलैमध्ये महाडला महापूर आला तेव्हा हजारो घरांत पाणी शिरले. भिजलेला फोन तांदळात ठेवायचा, हा उपाय घरोघरी केला जातो. अभियांत्रिकीच्या दृष्टीने तो जवळजवळ निरुपयोगी आहे. पाणी केवळ ओले करून थांबत नाही. पुराच्या पाण्यातील क्षार बोर्डावर बसतात, बॅटरीचा विद्युतदाब चालू असतो, आणि ओलाव्याच्या पातळ थरातून धातूचे आयन एका जोडाकडून दुसऱ्याकडे सरकू लागतात. मायक्रोस्कोपखाली ते झाडाच्या फांद्यांसारखे वाढलेले दिसतात आणि शेवटी दोन जोड एकमेकांना चिकटवतात. म्हणून पहिले काम फोन बंद करणे, दुसरे क्षार धुऊन काढणे आणि तिसरे कोरडे करणे. क्रम चुकला की फोन गेला. फ्लक्सचे (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेल्या रसायनाचे) अवशेष बोर्डावर राहिले असतील तर हीच क्रिया पूर न येताही, नुसत्या पावसाळी हवेत, हळूहळू होते. कारखान्यातील साफसफाईचे निकष आणि महाडच्या दुकानातला बिघडलेला फोन यांचा हा थेट संबंध आहे. तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला पदवीधर मुलाखतीत समोर बसला, तर त्याला मी अभ्यासक्रमातला एकही प्रश्न न विचारता घेईन.

हे काम एकट्या अणुविद्युत शाखेने करू नये. तुमच्या विद्यापीठात रसायन आणि पेट्रोरसायन अभियांत्रिकी शिकवली जाते, आसपास महाड आणि रोह्याच्या औद्योगिक वसाहती रसायननिर्मितीच्या आहेत. फोनमध्ये रसायनशास्त्र किती आहे, याची कल्पना बाहेर फारशी नसते. काच आणि डिस्प्ले जोडणारा पारदर्शक गोंद, पाणी आत येऊ न देणारी चिकटपट्टी, चिपखाली भरायचे इपॉक्सी, उष्णता वाहून नेणारी पेस्ट, फ्लक्स, बाह्यावरणाचे पॉलिकार्बोनेट, रंगाचा आणि बोटांचे ठसे न उमटू देणारा लेप, बॅटरीतील विद्युत-अपघट्य: या प्रत्येक वस्तूमागे एक पुरवठादार आहे आणि त्यांतला मोठा भाग आजही परदेशातून येतो. रसायन शाखेच्या विद्यार्थ्याला मोबाइल उद्योग हा आपला वाटत नाही आणि अणुविद्युतच्या विद्यार्थ्याला गोंद हा आपला विषय वाटत नाही. दोघांच्या मधली जागा रिकामी राहते. यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी जोडाचा छेद घेण्याचे तंत्र शिकावे: बोर्डाचा तुकडा इपॉक्सीत ओतायचा, पॉलिश पेपरने पायरीपायरीने घासत न्यायचा आणि धातुशास्त्रीय मायक्रोस्कोपखाली कथिल व तांबे यांच्या मधला काही मायक्रोमीटर जाडीचा थर पाहायचा. तो थर फार पातळ असेल तर जोड कच्चा, फार जाड असेल तर ठिसूळ. हे तंत्र जुने आहे, साहित्य स्वस्त आहे, हात बसायला मात्र चिकाटी लागते.

रेडिओच्या बाजूनेही तुमची जागा अनुकूल आहे. फोन परत येतात त्यांतल्या पुष्कळ फोनची तक्रार 'बॅटरी लवकर उतरते' अशी असते, आणि तपासणीत अनेकदा फोन निर्दोष निघतो. कारण बॅटरीत नसून डोंगरात असते. टॉवर दूर किंवा आड असला की फोन आपली प्रक्षेपणशक्ती वाढवतो, ४जी फोनमध्ये साधारण २०० मिलिवॅटपर्यंत, आणि संकेत शोधत राहतो. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ४३ सेंटिमीटर असते, ३,५०० मेगाहर्ट्झची साडेआठ सेंटिमीटर. पहिली लहर डोंगराच्या कडेला वळसा घालून पुष्कळ दूर पोहोचते, दुसरी सह्याद्रीच्या खोऱ्यात लवकर विरते. लोणेऱ्यापासून रायगडाच्या पायथ्यापर्यंतच्या गावांत कोणत्या बँडचा (लहरींच्या पट्ट्याचा) संकेत किती डीबीएमने (संकेताची ताकद सांगणारे एकक) मिळतो, त्या ठिकाणी फोनची बॅटरी तासाला किती उतरते, पावसाळ्यात त्यात काय फरक पडतो, याचा नकाशा फोनमधल्या मोफत साधनांनी करता येतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा वीज गेल्याने नेटवर्कही कोलमडले होते. कोणता टॉवर किती तास बॅटरीवर चालतो आणि कोणते गाव आधी तुटते, हे अभ्यासणारा प्रकल्प परीक्षेपुरता राहणार नाही. तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनालाही तो उपयोगी पडेल.

भाषेच्या चिंतेबद्दल. इंग्रजी लागते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मशीनचे मॅन्युअल, ग्राहकाचा ईमेल, तपासणीचे निकष सगळे इंग्रजीत असते. पण कारखान्यात उपयोगी पडते ते इंग्रजी वेगळे आहे. काय घडले, केव्हा घडले, किती बोर्डांवर घडले, काय तपासले, काय आढळले, काय बदलले आणि बदलानंतर आकडा किती झाला, एवढे क्रमाने आणि अचूक लिहिता आले पाहिजे. माझा सल्ला असा की, बिघाडाचा अहवाल आधी मराठीत लिहावा. विचार मराठीत स्पष्ट असेल तर दहा वाक्यांचे साधे इंग्रजी जमते. तोच धूसर असेल तर उत्तम इंग्रजीनेही काम होत नाही. शिवाय शॉपफ्लोअरवर तुम्हाला तमिळ, कन्नड किंवा हिंदी बोलणाऱ्या ऑपरेटरशी बोलावे लागेल. स्वतः गावातून आलेला अभियंता ऑपरेटरचे बोलणे अधिक धीराने ऐकतो, हे मी अनेक वर्षे पाहिले आहे, आणि दोषाचा पहिला सुगावा जवळजवळ नेहमी ऑपरेटरकडूनच लागतो.

नोकरीच्या अटींविषयी स्पष्ट बोलणे माझे कर्तव्य आहे. सुरुवातीचा पगार संगणक क्षेत्रातल्या चांगल्या पगाराच्या बरोबरीचा बहुधा नसतो, पाळ्या असतात, पहिली दोन वर्षे उभ्याने काम असते. नेमणूकपत्र घेताना ते मुख्य कंपनीचे आहे की मनुष्यबळ पुरवणाऱ्या ठेकेदाराचे, हे पाहा. हातात येणारा पगार, कपाती, जादा कामाचा दर आणि भविष्यनिर्वाह निधी लेखी मागा. डिसेंबर २०२०मध्ये कर्नाटकात कोलार जिल्ह्यातील नरसापुरा येथे आयफोनची जुळणी करणाऱ्या विस्ट्रॉन या कंपनीच्या कारखान्यात पगाराच्या तक्रारींवरून कामगारांचा उद्रेक झाला. कंपनीने पगाराच्या प्रक्रियेतील त्रुटी मान्य करून माफी मागितली आणि एका उपाध्यक्षाला पदावरून दूर केले. तो कारखाना पुढे टाटांकडे गेला. अत्याधुनिक उत्पादन होणाऱ्या ठिकाणीही पगारपत्रक चुकू शकते, म्हणून ते वाचता यायला हवे. मुलींच्या पालकांनी निवासव्यवस्था स्वतः पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. असे विचारणे गैर आहे असे कोणतीही चांगली कंपनी म्हणत नाही.

विद्यापीठाच्या प्राध्यापकांसाठीही दोन शब्द. १९८९च्या कायद्याने स्थापन झालेले हे विद्यापीठ २०१४च्या कायद्यानंतर राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देते. लोणेऱ्यात एखादा प्रयोग अभ्यासक्रमात आला तर तो मराठवाडा, विदर्भ आणि खानदेशातल्या वर्गांपर्यंत पोहोचू शकतो. म्हणून सातव्या सत्रात 'इलेक्ट्रॉनिक उत्पादन आणि विश्वासार्हता' असा एक ऐच्छिक विषय असावा, त्याचे निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे प्रत्यक्ष केलेल्या बिघाड-अहवालांना असावेत, आणि ते अहवाल तपासायला उद्योगातील माणूस बोलवावा. येणारे लोक आहेत, मीही येईन. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत सरसकट आढळणारी एक अडचण अशी की, उपकरणे कपाटात कुलूपबंद राहतात, कारण बिघडली तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न असतो. बंद फोनच्या प्रयोगशाळेत ही भीती उरत नाही, कारण तिथला कच्चा माल आधीच बिघडलेला असतो.

शेवटी, इंटर्नशिपसाठी अर्ज कुठे करावा? मोठ्या ब्रँडच्या संकेतस्थळावर अर्ज टाकून वाट पाहण्यात महिने जातात. चार्जर, केबल, कनेक्टर, साच्यातले भाग, पीसीबी, पॅकेजिंग आणि गोंद बनवणाऱ्या मध्यम कंपन्यांची यादी करा. पुणे, चाकण, रांजणगाव, वसई आणि नाशिक परिसरात वाहन उद्योगासाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणारे कारखानेही त्यात धरा, कारण एसएमटी लाइन तीच असते आणि वाहन उद्योगातील गुणवत्तेचे निकष मोबाइलपेक्षा कडक असतात. अर्जासोबत गुणपत्रिकेआधी तुमचा एक बिघाड-अहवाल जोडा: दोन पाने, चार छायाचित्रे, एक तक्ता, आणि कारणाबद्दल तुमची खात्री किती आहे हे सांगणारे एक प्रामाणिक वाक्य. प्लेसमेंट विभागाऐवजी थेट प्रक्रिया किंवा गुणवत्ता विभागाच्या प्रमुखाला तो पाठवता आला तर उत्तम. सहावे सत्र संपायच्या आत असे तीन अहवाल तयार असतील, तर पहिल्या तीस फोनपासून सुरुवात करायला याच पावसाळ्याइतका योग्य काळ नाही. भिजलेले फोन दुकानांत याच दिवसांत येतात.